न पाहिलेल्या जंतूंसाठी : बी आणि टी पेशींची जडणघडण

रोगप्रतिकाराविषयी सर्वसाधारण समजूत अशी असते की, एखादा जंतू शरीरात शिरला की शरीर त्याचे स्वरूप पारखते आणि मग त्याला साजेसे शस्त्र घडवते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नामवंत शास्त्रज्ञांचे मतही याहून फारसे वेगळे नव्हते. लायनस पॉलिंग यांनी १९४० मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार प्रतिपिंडाचा, म्हणजे जंतूला चिकटून त्याला निष्प्रभ करणाऱ्या प्रथिनाचा, रेणू त्या जंतूच्या घटकाभोवती घडी पडूनच आपला आकार घेत असतो. प्रत्यक्षात क्रम नेमका उलटा आहे. ऑस्ट्रेलियाचे फ्रँक मॅकफार्लेन बर्नेट यांनी १९५७ मध्ये मांडल्याप्रमाणे शरीर असंख्य प्रकारच्या पेशी आधीच तयार ठेवते, त्यांतील प्रत्येक पेशी एकाच विशिष्ट आकाराला ओळखू शकते, आणि बाहेरून आलेला जंतू त्यांतील योग्य त्या पेशीला फक्त जागे करतो व तिला आपली संख्या वाढवायला लावतो. या पेशी म्हणजे लसीकापेशी किंवा लिम्फोसाइट होत. त्यांची मुख्य घडण जंतूशी गाठ पडण्यापूर्वीच पुरी होते, आणि त्या काळात त्यांची पारख होते ती सर्वस्वी शरीराच्या स्वतःच्याच घटकांशी. रोगप्रतिकाराच्या अभ्यासातील हे सर्वांत विलक्षण सत्य आहे, आणि ते ध्यानात घेतल्याखेरीज पुढचे काहीच नीट उमगत नाही.

लिम्फोसाइट पेशींचे दोन मुख्य प्रकार आहेत. बी पेशी प्रतिपिंडे तयार करतात, तर टी पेशींपैकी काही विषाणूबाधित पेशींना ठार करतात आणि काही इतर पेशींना, विशेषतः बी पेशींना, कामाला लावतात. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र हे दोन्ही प्रकार सारखेच दिसतात: लहान, गोल, आणि जवळजवळ संपूर्ण पेशी व्यापणारे गडद केंद्रक असलेले. म्हणूनच या दोन भिन्न वंशशाखा आहेत हे पेशींकडे पाहून कधीच कळले नसते. ते कळले कोंबड्यांवरील आणि उंदरांवरील प्रयोगांतून.

पक्ष्यांच्या आतड्याच्या अखेरच्या टोकाशी एक लहानशी पिशवी असते. सतराव्या शतकात पादुआ येथील शरीररचनाशास्त्रज्ञ फॅब्रिशियस यांच्या लेखनातून तिचे वर्णन प्रसिद्ध झाले, म्हणून तिला ‘फॅब्रिशियसची पिशवी’ किंवा बर्सा म्हणतात. तिचे कार्य मात्र पुढे तीन शतके अज्ञात राहिले. १९५० च्या दशकात अमेरिकेच्या ओहायो स्टेट विद्यापीठात ब्रूस ग्लिक या विद्यार्थ्याने कोवळ्या पिलांची ही पिशवी काढून टाकली, आणि पुढे त्या वाढलेल्या कोंबड्या टिमोथी चँग या सहविद्यार्थ्याने वर्गात प्रतिपिंडांचे प्रात्यक्षिक दाखवण्यासाठी वापरल्या. साल्मोनेला जंतूंचे घटक टोचूनही त्यांतील अनेक कोंबड्यांच्या रक्तात प्रतिपिंडे तयार झालीच नाहीत, आणि शोध घेतल्यावर त्या पिशवी काढलेल्या कोंबड्या असल्याचे आढळले. यावरचा निबंध एका अग्रगण्य नियतकालिकाने नाकारल्यामुळे १९५६ मध्ये कुक्कुटपालनशास्त्राच्या नियतकालिकात छापला गेला, आणि वैद्यकातील संशोधकांच्या नजरेस तो येण्यास काही वर्षे जावी लागली.

दुसरा धागा लंडनमध्ये हाती लागला. छातीच्या हाडामागे, हृदयाच्या वरच्या बाजूस असलेली थायमस, म्हणजेच यौवनलोपी ग्रंथी, निरुपयोगी अवशेष मानली जात असे, कारण प्रौढ प्राण्यातून ती काढून टाकली तरी काही बिघडलेले दिसत नसे. आजारपणाने मृत्यू पावलेल्या बालकांच्या शवविच्छेदनात ही ग्रंथी आक्रसलेली आढळत असल्यामुळे तोच तिचा नैसर्गिक आकार समजला गेला, आणि निरोगी बालकांची थायमस ‘वाढलेली’ ठरवून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अनेक मुलांच्या छातीवर क्ष-किरणांचा मारा करण्यात आला. त्यांतील काहींना पुढे गलग्रंथीचा कर्करोग झाला. एखाद्या अवयवाचे कार्य ठाऊक नाही म्हणजे त्याला कार्यच नाही, असे गृहीत धरण्याची ही किंमत होती. १९६१ मध्ये जॅक मिलर यांनी नुकत्याच जन्मलेल्या उंदरांची थायमस काढून पाहिली, तेव्हा त्या पिल्लांच्या रक्तातील लिम्फोसाइट घटल्या, ती संसर्गांना सहज बळी पडू लागली आणि परक्या उंदरांच्या कातडीचे कलमही त्यांनी विनातक्रार स्वीकारले. प्रौढ प्राण्यात परिणाम दिसत नव्हता याचे कारण एवढेच की, ग्रंथीने आपले बहुतेक काम तोवर उरकलेले असे.

हे दोन धागे मिनेसोटा विद्यापीठात मॅक्स कूपर आणि रॉबर्ट गुड यांनी जोडले. १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात त्यांनी नुकत्याच अंड्यातून बाहेर आलेल्या पिलांची बर्सा किंवा थायमस काढली आणि आधीच्या पेशी उरू नयेत म्हणून त्यांना किरणोत्सार दिला. बर्सा नसलेल्या कोंबड्यांत प्रतिपिंडे बनेनात, पण त्यांच्या रक्तात लिम्फोसाइट होत्या. थायमस नसलेल्यांत लिम्फोसाइट विरळ झाल्या आणि परके कलम नाकारण्याची क्षमता ढासळली. बर्सावर अवलंबून असणाऱ्या त्या बी पेशी आणि थायमसवर अवलंबून असणाऱ्या त्या टी पेशी, हे नामकरण त्यानंतर रूढ झाले. माणसासह सर्व सस्तन प्राण्यांत बर्सा नसते. त्यांच्या बी पेशी गर्भावस्थेत यकृतात आणि पुढे आयुष्यभर अस्थिमज्जेत, म्हणजे हाडांच्या पोकळीतील मऊ ऊतीत, तयार होतात. टी पेशींच्या पूर्वज पेशीही मज्जेतच जन्मतात, परंतु त्या अपरिपक्व अवस्थेत रक्तावाटे थायमसमध्ये जाऊन तेथे घडतात.

आता मूळ प्रश्न असा की, कधीही न पाहिलेल्या कोट्यवधी आकारांना ओळखणारे ग्राही, म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरील ओळख पटवणारी प्रथिने, शरीर तयार करते तरी कसे. माणसाच्या जनुकसंचात प्रथिने बनवणारी जनुके सुमारे २०,००० आहेत. प्रत्येक ग्राहीसाठी वेगळे जनुक ठेवायचे तर ही संख्या कोठेच पुरणार नाही. याचे उत्तर स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे काम करणारे जपानी शास्त्रज्ञ सुसुमू तोनेगावा यांनी १९७६ मध्ये दिले. बी पेशीचा ग्राही म्हणजे तिच्या पृष्ठभागावरचे प्रतिपिंडच; गर्भातील पेशींमध्ये या प्रतिपिंडाच्या जनुकाचे तुकडे डीएनएच्या धाग्यावर एकमेकांपासून दूर असतात, तर प्रतिपिंड बनवणाऱ्या पेशीत ते शेजारी आलेले असतात, असे त्यांनी दाखवले. याचा अर्थ असा की, घडताना ही पेशी आपलाच डीएनए कापते, मधला भाग काढून टाकते आणि टोके जोडते. शरीरातील सर्व पेशींचा जनुकसंच एकसारखाच असतो या धारणेला यामुळे तडा गेला. तोनेगावा यांना १९८७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

प्रतिपिंडाचा रेणू दोन जड आणि दोन हलक्या साखळ्यांचा बनलेला असतो. माणसात जड साखळीसाठी व्ही नावाचे सुमारे ४०, डी नावाचे २३ आणि जे नावाचे ६ उपयुक्त तुकडे आहेत, आणि प्रत्येक बी पेशी या तीन गटांतून, पत्त्यांच्या तीन जोडांतून डोळे मिटून एकेक पान ओढावे तसा, एकेक तुकडा उचलते. त्यातून सुमारे साडेपाच हजार जड साखळ्या आणि अशाच रीतीने सुमारे ३२० हलक्या साखळ्या संभवतात, आणि दोहोंच्या जुळणीतून जवळपास १८ लाख ग्राही होतात. खरे वैविध्य मात्र सांध्यांवर निर्माण होते. आरएजी-१ आणि आरएजी-२ ही दोन प्रथिने मिळून डीएनए कापतात. कापलेल्या टोकांची काही अक्षरे गळतात आणि एक विकर तेथे कोणत्याही नमुन्याशिवाय नवी अक्षरे भरतो, त्यामुळे एकच तीन तुकडे निवडणाऱ्या दोन पेशींचे ग्राहीही सहसा भिन्न निघतात. ही कापणारी यंत्रणा सुमारे ५० कोटी वर्षांपूर्वी, जबडा असलेल्या माशांच्या पूर्वजांत शिरलेल्या एका ‘उड्या मारणाऱ्या’ जनुकापासून आली असावी असे पुरावे सांगतात. एका आगंतुक जनुकाची कापाकापी कायमची कामाला जुंपली गेली, हा उत्क्रांतीच्या इतिहासातील खरोखरच मोठा योग म्हणावा लागेल.

या पद्धतीची किंमतही तितकीच मोठी आहे. डीएनएचा संदेश तीन-तीन अक्षरांच्या गटांनी वाचला जातो, त्यामुळे सांध्यावर भरलेल्या अक्षरांची संख्या जुळली नाही तर पुढचा सगळा मजकूर निरर्थक होतो. दर तीन जोडण्यांपैकी सरासरी दोन अशा वाया जातात. म्हणूनच अस्थिमज्जेत बी पेशीची घडण टप्प्याटप्प्याने होते आणि प्रत्येक टप्प्यावर पडताळणी होते. आधी जड साखळी जुळवली जाते. ती जमली की नाही हे पाहण्यासाठी पेशी एका तात्पुरत्या, पर्यायी हलक्या साखळीबरोबर तिला पृष्ठभागावर आणते. या जोडीकडून आत संकेत गेला तरच पेशी जगते, काही वेळा विभागते आणि दुसऱ्या गुणसूत्रावरील जड साखळीची जुळणी थांबवते, ज्यामुळे एका पेशीवर एकाच प्रकारचा ग्राही राहतो. पहिल्या गुणसूत्रावरचा प्रयत्न फसला तर दुसऱ्यावर होतो, आणि तोही फसला तर पेशी मरते. त्यानंतरच खऱ्या हलक्या साखळीची पाळी येते.

हा संकेत पेशीच्या आत वाहून नेणारे एक प्रथिन नसले तर काय होते, हे एका रुग्णामुळे दिसून आले होते. १९५२ मध्ये अमेरिकी लष्करी डॉक्टर ऑग्डेन ब्रूटन यांनी वारंवार गंभीर संसर्ग होणाऱ्या आठ वर्षांच्या एका मुलाच्या रक्तात प्रतिपिंडांचा अंशच नसल्याचे पाहिले आणि इतरांच्या रक्तातून मिळवलेली प्रतिपिंडे टोचून त्याला बरे ठेवले. या आजाराचे जनुक १९९३ मध्ये सापडले. ते एक्स गुणसूत्रावर असल्याने आजार प्रामुख्याने मुलग्यांना होतो, आणि आईकडून मिळालेली प्रतिपिंडे पहिले काही महिने पुरत असल्यामुळे बाळाच्या जन्मानंतर सहाएक महिन्यांनी त्याची लक्षणे दिसू लागतात.

हलकी साखळी जुळली की ग्राही पूर्ण होतो आणि मग सर्वांत नाजूक प्रश्न उभा राहतो: चिठ्ठ्या टाकल्यासारखा बनलेला हा ग्राही शरीराच्याच घटकांना शत्रू समजत असेल तर? न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील संशोधकांनी २००३ मध्ये दाखवले की, माणसाच्या मज्जेतील अगदी नव्या बी पेशींपैकी ५५ ते ७५ टक्के पेशींचे ग्राही स्वतःच्या घटकांना चिकटतात. अशा पेशीला लगेच मारले जात नाही. तिची कापणारी यंत्रणा पुन्हा सुरू होते आणि ती हलकी साखळी बदलून पाहते. बदललेला ग्राही निरुपद्रवी ठरला तर पेशी वाचते, अन्यथा ती मरते किंवा निष्क्रिय होऊन उरते. यातून पार पडलेल्या पेशी रक्तावाटे प्लीहेत जातात आणि तेथे त्यांची परिपक्वता पूर्ण होते. यानंतरही बी पेशीची घडण पुरती संपत नाही, कारण जंतूशी गाठ पडल्यावर लसीकाग्रंथींमध्ये ती टी पेशींच्या मदतीने आपल्या ग्राहीच्या जनुकात नवे बदल करते आणि अधिक घट्ट चिकटणारे ग्राही निवडले जातात. हे बदल घडवणारा विकर क्योटो विद्यापीठातील तासुकू होंजो यांच्या गटाने शोधला. टी पेशीला अशी दुसरी संधी नसते, आणि थायमसमधील निवड इतकी कठोर असण्याचे ते एक कारण असावे.

टी पेशीचा ग्राही अल्फा आणि बीटा या दोन साखळ्यांचा असतो आणि तो बी पेशीच्या ग्राहीप्रमाणेच, त्याच कापणाऱ्या यंत्रणेने बनतो. फरक आहे तो ओळखण्याच्या पद्धतीत. प्रतिपिंड मोकळ्या जंतूला थेट चिकटू शकते. टी पेशी मात्र जंतूच्या प्रथिनाचा लहान तुकडा शरीराच्या दुसऱ्या पेशीने आपल्या एचएलए प्रथिनांवर धरून दाखवला तरच तो ओळखते. ही एचएलए प्रथिने म्हणजे अवयवरोपणाच्या आणि मज्जारोपणाच्या वेळी दाता व रुग्ण यांच्यात जुळवून पाहिली जातात तीच. पीटर डोहर्टी आणि रोल्फ झिंकरनॅगल यांनी १९७४ मध्ये कॅनबेरा येथे दाखवले की, एका उंदराच्या टी पेशी विषाणूबाधित पेशींना मारतात, पण त्या बाधित पेशींवर त्याच प्रकारची ऊतिजुळणीची प्रथिने असली तरच. तेव्हा थायमसला दोन परस्परविरोधी वाटणाऱ्या अटी पाळाव्या लागतात: स्वतःच्या एचएलएला ओळखणार नाही ती पेशी निरुपयोगी, आणि स्वतःच्या घटकांना फार घट्ट ओळखेल ती घातक.

पूर्वज पेशी थायमसच्या बाह्यक आणि मध्यक या दोन भागांच्या सीमेवर रक्तवाहिनीतून बाहेर पडते. तेथील पेशींकडून मिळणारा ‘नॉच’ नावाचा संकेत तिला टी पेशी होण्याच्या वाटेला लावतो, आणि ती बाह्यकात सरकते. आधी बीटा साखळी जुळते व तिची पडताळणी होते. पेशी झपाट्याने विभागतात. मग प्रत्येक कन्यापेशी आपापली अल्फा साखळी जुळवते. या टप्प्यावर तिच्या पृष्ठभागावर सीडी-४ आणि सीडी-८ ही दोन्ही सहायक प्रथिने असतात. बाह्यकातील अस्तरपेशींवरच्या एचएलएशी तिचा ग्राही सौम्यपणे जुळला तर तिला जगण्याचा संकेत मिळतो; याला सकारात्मक निवड म्हणतात. बहुसंख्य पेशींचा ग्राही कशाशीच जुळत नाही, आणि कोणताही संकेत न मिळाल्यामुळे त्या तीन-चार दिवसांत मरतात. एचएलएच्या दोन वर्गांपैकी पहिल्या वर्गाशी जी पेशी जुळते ती सीडी-८ राखून मारक पेशी होते, दुसऱ्या वर्गाशी जुळते ती सीडी-४ राखून साहाय्यक पेशी होते.

उरलेल्या पेशी मध्यकात येतात, आणि येथे दिसते ती व्यवस्था थक्क करणारी आहे. इन्शुलिन फक्त स्वादुपिंडात बनते आणि गलग्रंथीची विशिष्ट प्रथिने फक्त गलग्रंथीत. टी पेशीला ती प्रथिने थायमसमध्ये दिसलीच नाहीत तर त्यांच्यावर तुटून पडणाऱ्या पेशी आधी वगळायच्या कशा? मध्यकातील अस्तरपेशी ‘एअर’ नावाच्या नियामक प्रथिनाच्या जोरावर शरीरभरातील अवयवांची अशी हजारो जनुके थोड्याथोड्या प्रमाणात चालू करतात आणि त्या प्रथिनांचे तुकडे टी पेशींपुढे ठेवतात. त्यांना घट्ट चिकटणारी पेशी मरते. ही नकारात्मक निवड. १९९७ मध्ये या जनुकाचा शोध लागला तो एका दुर्मीळ आजाराच्या अभ्यासातून. फिनलंडमध्ये आणि सार्डिनिया बेटावर तुलनेने अधिक आढळणाऱ्या या आजारात हे एकच जनुक बिघडलेले असते, आणि रुग्णाच्या उपगलग्रंथी, अधिवृक्क ग्रंथी अशा अनेक अवयवांवर त्याची स्वतःचीच प्रतिकारयंत्रणा हल्ला चढवते.

तरुण उंदराच्या थायमसमध्ये दररोज सुमारे ५ कोटी नव्या पेशी तयार होतात आणि बाहेर पडतात त्या १० ते २० लाख. स्वतःच्या घटकांना बऱ्यापैकी ओळखणाऱ्या सगळ्याच पेशी मात्र मारल्या जात नाहीत. उंदराची थायमस जन्मतः न काढता तिसऱ्या दिवशी काढली तर प्रतिकार दुबळा होण्याऐवजी शरीर स्वतःवरच उलटते, या जपानी निरीक्षणाचा शिमोन साकागुची यांनी चिकाटीने पाठपुरावा केला आणि १९९५ मध्ये इतर टी पेशींना आवर घालणाऱ्या नियंत्रक टी पेशी ओळखल्या. थायमसमध्येच घडणाऱ्या या पेशी जन्मानंतर किंचित उशिरा बाहेर पडतात, म्हणून तिसरा दिवस महत्त्वाचा होता. अनेक वर्षे फारसा विश्वास न लाभलेल्या या संशोधनासाठी साकागुची यांना मेरी ब्रंकाऊ आणि फ्रेड रॅम्सडेल यांच्यासमवेत २०२५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

थायमसचे काम किती चालले आहे हे तिला हात न लावता कळू शकते. अल्फा साखळी जुळताना कापलेला मधला डीएनए नष्ट न होता लहानशा वर्तुळाच्या रूपात पेशीत उरतो, आणि पेशी विभागली तरी तो दुप्पट होत नाही. म्हणून रक्तातील अशा वर्तुळांची संख्या म्हणजे थायमसमधून नुकत्याच बाहेर पडलेल्या टी पेशींची मोजदाद. वयाबरोबर ही ग्रंथी आक्रसून चरबीने भरते आणि ही वर्तुळेही घटत जातात. नवजात बाळाच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबात ती सापडली नाहीत तर बाळात टी पेशीच बनत नसल्याची शंका येते. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्याने २००८ मध्ये ही चाचणी सर्व नवजातांसाठी सुरू केली. भारतात तिची निकड अधिकच आहे, कारण येथे जन्मतःच टोचल्या जाणाऱ्या बीसीजी लसीत क्षीण केलेले पण जिवंत जंतू असतात, आणि निरोगी बाळाला संरक्षण देणारी हीच लस टी पेशी नसलेल्या बाळाच्या अंगभर पसरू शकते. अशा जन्मजात विकारांचे निदान मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत होते. सर्व नवजातांची सरसकट तपासणी मात्र आपल्याकडे रूढ झालेली नाही, आणि ती व्हायला हवी.

घडणीच्या टप्प्यांचे हे ज्ञान उपचारातही थेट वापरले जाते. मुलांमध्ये होणारा रक्ताचा सर्वांत सामान्य कर्करोग, म्हणजे ल्युकेमियाचा एक प्रकार, हा बहुधा मज्जेतील अर्धवट घडलेल्या बी पेशींचा असतो. सीडी-१९ हे प्रथिन बी पेशीच्या पृष्ठभागावर अगदी सुरुवातीच्या टप्प्यात येते आणि ती परिपक्व झाल्यावरही राहते. मज्जेतील मूलपेशींवर ते नसते आणि प्रतिपिंडे स्रवणाऱ्या अखेरच्या अवस्थेतील पेशींवरून ते बरेचसे नाहीसे होते. पवईची आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक केंद्र यांनी मिळून विकसित केलेल्या, ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळालेल्या नेक्सकार-१९ या उपचारात रुग्णाच्या टी पेशी बाहेर काढून त्यांना सीडी-१९ ओळखणारा कृत्रिम ग्राही बसवतात आणि त्या परत शरीरात सोडतात. या पेशी कर्करोगाबरोबर निरोगी बी पेशींनाही मारतात, म्हणून काही रुग्णांना काही काळ बाहेरून प्रतिपिंडे द्यावी लागतात. परंतु मूलपेशी शाबूत असल्यामुळे कृत्रिम ग्राहीच्या टी पेशी ओसरल्या की मज्जेत नव्या बी पेशी पुन्हा घडू लागतात. म्हणूनच डॉक्टर अशा रुग्णाच्या रक्तातील बी पेशी वरचेवर मोजत राहतात, आणि ल्युकेमियाच्या रुग्णात त्या फार लवकर परतल्या तर त्याकडे सावधपणे पाहतात, कारण त्यांचे परतणे म्हणजे उपचाराच्या टी पेशी नाहीशा झाल्याची खूण असते.